वर्गणीदार आणि वाचक

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कपाटाच्या वरच्या खणात आमच्याच मंडळाच्या या त्रैमासिकाचे तीन अंक सापडले. तिन्ही वेष्टनात होते. पत्त्याची चिठ्ठी शाबूत, तिकिटावर टपालाचा शिक्का स्पष्ट, आणि आतले पान एकानेही उलटलेले नाही. आम्ही या मंडळाचे जुने सभासद. वर्गणी वेळेवर भरणारे. वार्षिक सभेत ‘मराठी वाचक दिवसेंदिवस कमी होत चालला आहे’ असे दरवर्षी उठून सांगणारे. आणि आमच्याच घरात अंक न उघडता पडून होते. त्या क्षणी मनात आलेली शरम लपविण्यात अर्थ नाही. हा लेख तिच्यातूनच लिहिला जात आहे.

राज्य सरकारच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला आवक-जावक नोंदवहीची सवय असते. जावक नोंदवहीत अंक रवाना झाल्याची नोंद होते. पावती पुस्तकात वर्गणीची नोंद होते. पण अंक वाचला गेला की नाही, हे सांगणारी वही कोणत्याही कार्यालयात नसते. त्यामुळे आपण सारे एक सोयीची चूक करीत आलो आहोत. वर्गणीदारांच्या यादीलाच आपण वाचकांची यादी समजतो. वर्गणीदार कर्तव्यापोटी मिळतो, ओळखीपाळखीने मिळतो, भाषेच्या अभिमानाने मिळतो. वाचक मात्र या तिन्हींपैकी कशानेही मिळत नाही. तो कशाने मिळतो आणि मिळाल्यावर कशाने टिकतो, याचा विचार मराठी नियतकालिकांच्या इतिहासाच्या आधारे करून पाहावा आणि तीच मोजपट्टी शेवटी आपल्या सीमाभागातील प्रकाशनांना लावावी, असा आमचा हेतू आहे.

मराठी नियतकालिकांची परंपरा ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’पासून मोजली जाते. बाळशास्त्री जांभेकरांनी ते मराठी व इंग्रजी अशा जोडस्तंभांत चालविले आणि १८४० पर्यंत ते टिकले. वाचायला शिकलेला समाजच जेव्हा मूठभर होता, तेव्हा आठ वर्षे पत्र चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु आमच्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण त्यानंतर चार दशकांनी सापडते. ते म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’.

जानेवारी १८७४ मध्ये माला सुरू झाली तेव्हा विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक होते. मागे संस्था नव्हती, धनिक नव्हता, लेखकांचे मंडळ नव्हते. एक माणूस, एक लेखणी आणि महिन्याला एक अंक. असे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्या एकाच हातचा होता. मध्यंतरी रत्नागिरीस बदली झाली, १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, पुढच्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’. १७ मार्च १८८२ रोजी ते गेले, तेव्हा वयाची बत्तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

माला वाचली जात होती याचे कारण तिच्यातील मते सर्वांना पटत होती हे नव्हे. पुष्कळांना ती मुळीच पटत नव्हती. कारण असे, की तिच्यात वाचकाशी सतत चाललेले बोलणे होते. लेखक वाचकाला चिडवीत असे, आव्हान देत असे, त्याच्या मनातली शंका त्याच्या आधी बोलून दाखवीत असे. एका अंकात उचललेला धागा पुढच्या अंकात पुढे जाई. म्हणून वाचक पुढच्या अंकाची वाट पाही. आज मराठी लेखक स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून लिहितो, त्यातही त्या लेखणीचा वारसा आहे. मात्र मालेच्या दोन उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. पहिली अशी, की तिला अभिप्रेत असलेला वाचक अरुंद वर्तुळातला होता. जोतीराव फुल्यांच्या लेखनाची तिने जी हेटाळणी केली, तीत केवळ मतभेद नव्हता. त्या लेखनामागच्या मोठ्या समाजाला वाचक म्हणून मोजण्याचीच तयारी नव्हती. दुसरी उणीव अशी, की एका माणसावर उभे असलेले नियतकालिक त्या माणसाबरोबरच संपते. मालेला वारस नव्हता, आणि तिच्या स्वरूपामुळे तो असणे शक्यही नव्हते.

त्याच पुण्यात, त्याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले. मालेने ज्यांना मोजले नाही, त्यांच्यासाठी हे पत्र होते. ते पैशाअभावी लवकरच अडचणीत आले. ते तेथेच संपावयाचे. परंतु १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले आणि नव्याने उभे केले. या स्थलांतरात पत्राला नवा वाचकही लाभला. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांचे जिणे पत्रात येऊ लागले. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, त्या चळवळीचे पुढारी हेच लोखंडे. म्हणजे भालेकरांच्या हातून निसटत चाललेले पत्र दुसऱ्याने उचलले आणि नवा वाचकवर्ग ज्या वस्तीत होता तेथे नेऊन ठेवले. निबंधमालेला जे जमले नाही ते दीनबंधूला जमले. विद्वत्तेत आणि शैलीत माला श्रेष्ठ असेल. टिकण्याच्या शास्त्रात दीनबंधु पुढे होता.

आपल्या भागाशी निगडित असलेले आणखी एक उदाहरण येथे दिले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. निपाणीपासून ते गाव दूर नाही. पुढे बाबासाहेब शिक्षणासाठी विलायतेस गेले आणि १९२३ मध्ये मूकनायक बंद पडले. एप्रिल १९२५ मध्ये प्रांतिक बहिष्कृत परिषदेच्या निमित्ताने ते निपाणीस आले होते. १९२७ च्या एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकाने बहुतांशी संपादकालाच एकट्याने भरावे लागत. १९२९ मध्ये तेही थांबले. पण बाबासाहेब थांबले नाहीत. १९३० मध्ये ‘जनता’ निघाले आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ज्या समाजात अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे, तेथे वर्गणीदार मिळणे दुष्कर होते. पण एकाने वाचावे आणि भोवतालच्या दहांनी ऐकावे, अशा रीतीने वर्गणीच्या वहीत न दिसणारा वाचक मात्र होता. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. वर्गणीदार वहीत आहेत. वाचक दिसत नाही.

आता ज्या नियतकालिकाचा विचार बेळगावकराने अधिक आपुलकीने करावा, त्याकडे वळू. ते म्हणजे ‘किर्लोस्कर’. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून झाली, हे आपल्या जुन्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पुढे येथील कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली आणि औंध संस्थानच्या अधिपतींनी देऊ केलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर त्यांनी बेळगावात असतानाच बनविला होता. परंतु लोखंडाच्या फाळाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. उत्तम वस्तू तयार केली म्हणजे गिऱ्हाईक आपोआप चालून येते, ही समजूत या घराण्याने फार लवकर टाकून दिली होती. गिऱ्हाइकाची भीती काय आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते या पार्श्वभूमीवर. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना व्हावी, इतकाच त्याचा आरंभीचा हेतू. ते ज्यांच्या हाती होते ते शंकर वासुदेव किर्लोस्कर म्हणजे ‘शंवाकि’ हे पेशाने चित्रकलेकडून आलेले. मासिक कसे दिसते, मुखपृष्ठाने वाचकाला कसे थांबवावे, याची त्यांना दृष्टी होती. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी हेरली. नांगर घेणाऱ्या माणसाला नांगराखेरीजही एक आयुष्य असते. त्याला मुलांचे शिक्षण असते, घरातल्या बायकांचे प्रश्न असतात, आपल्या पायावर उभे राहण्याची इच्छा असते. या आयुष्याशी मासिक बोलू लागले आणि कारखान्याच्या खबरीचे मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळाली. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. एकाच मासिकात सर्वांना कोंबण्यापेक्षा निरनिराळ्या वाचकांना निरनिराळे घर बांधून देण्याचा हा विचार होता.

कोणी म्हणेल, किर्लोस्करांच्या मागे कारखाना होता, त्यांना तोट्याची भीती नव्हती. हे अर्धसत्य आहे. कारखान्याच्या पाठबळाने अंक निघत राहील. पण घरोघरी त्याची वाट पाहिली जाणार नाही. शिवाय किर्लोस्करने वाचकाची केवळ खुशामत केली असेही नाही. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध तिसाव्या दशकात याच मासिकातून आले. सनातनी मनाला ते रुचणारे नव्हते. बुवाबाजीवर, रूढींवर मासिकाने हत्यार उपसले ते पुष्कळ वर्गणीदार दुखावले जातील हे ठाऊक असताना. वाचकाला जवळ करणे आणि वाचकाला मान डोलावणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. जो आपल्या घरातली अडचण ओळखतो त्याने कान उपटले तरी माणूस ऐकून घेतो. ज्याला आपली अडचणच ठाऊक नाही त्याची स्तुतीदेखील तो वाचत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘सत्यकथा’ उभी आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली मराठी नवसाहित्याला घडविले, हे सर्वमान्य आहे. लेखकाला सविस्तर पत्र लिहावे, कथा दोनदा-तीनदा परत पाठवून पुन्हा लिहावयास लावावी, हा तेथील शिरस्ता होता. आमच्या बेळगावच्या इंदिरा संत या त्या परंपरेतल्याच कवयित्री. बेळगावात शिक्षिकेची नोकरी करीत, मुले वाढवीत त्यांनी जी कविता लिहिली ती मुंबईच्या जाणत्या संपादकांनी जपली, आणि १९८४ मध्ये ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे सीमेवरच्या एका गावातला आवाज उभ्या महाराष्ट्राला ऐकू जावा, ही सोय सत्यकथेसारख्या मासिकांनी केली. हे ऋण आम्ही विसरू शकत नाही.

परंतु १९८२ मध्ये सत्यकथा बंद पडली. तत्पूर्वी १९६९ साली तरुण लेखकांनी तिची होळी केली होती. त्यांची तक्रार अशी, की तिची अभिरुची साचेबंद झाली आहे. त्या तरुणांच्या पिढीने ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिके काढली. तीही थोडक्या अंकांत आटोपली. आमचे मत असे, की सत्यकथेने लेखक घडविला, पण वाचक घडविण्याचे काम तिने गृहीत धरले. चोखंदळ वाचक कोठून तरी येत राहील, असा तिचा भरवसा होता. अनियतकालिकांनी तर वाचकाची फिकीरच केली नाही. त्यांचे ते ब्रीदच होते. दोघांचेही वाङ्मयीन मोल आमच्या दृष्टीने मोठे आहे. खप कमी म्हणून योग्यता कमी, असे म्हणणारा माणूस बाजारात बसावा, साहित्य मंडळात नव्हे. तरीही एवढे खरे, की जो वाचकाला गृहीत धरतो त्याला वाचक एक दिवस न सांगता सोडून जातो. तो भांडत नाही, पत्र लिहीत नाही. फक्त वेष्टन उघडीत नाही.

वाचक घडविण्याचे आणि टिकविण्याचे उत्तम उदाहरण आम्हांला मराठीत नव्हे, तर शेजारच्या धारवाडात सापडले. नोकरीच्या निमित्ताने आमचा कन्नडशी रोजचा व्यवहार होता, म्हणून ते नजरेस आले. १९३३ मध्ये जी. बी. जोशी यांनी तेथे मनोहर ग्रंथमाला सुरू केली. वाचकाने वर्षाची वर्गणी आगाऊ भरावी आणि मालेने वर्षभरात ठरलेली पुस्तके घरपोच द्यावीत, अशी तिची रीत. या वर्गणीदारांच्या बळावर मालेने नवे, अपरिचित लेखक छापले. गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे पहिले नाटक १९६१ मध्ये याच मालेने प्रसिद्ध केले. एका अनोळखी तरुणाचे नाटक हजारो कोसांवरून नव्हे, तर शेजारच्या घरातून आल्यासारखे वाचकाच्या हाती पडले, कारण वाचकाचा लेखकावर नव्हे, मालेवर विश्वास होता. तेथे वर्गणीदार आणि वाचक हे एकच होते. भाषेच्या प्रश्नावर आपले काहीही मत असो. हा धडा कन्नडकडून घ्यावयास आपल्याला संकोच वाटता कामा नये.

आता आपल्या घराकडे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. त्या काळी मुंबई विद्यापीठही अस्तित्वात नव्हते. १९१९ मध्ये बाबुराव ठाकूर यांनी येथे ‘तरुण भारत’ सुरू केला. मराठी साहित्य संमेलन येथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या, १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या संमेलनातला. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, टाळ-मृदंग वाजतात, कथाकथनाला मांडव अपुरा पडतो. हे सारे पाहिले म्हणजे येथे मराठीला माणसांचा तोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही.

तरी मांडवातला श्रोता वाचक होत नाही, हा आमचा अनुभव आहे. का होत नाही? त्याचा दोष दूरचित्रवाणीला, मोबाइलला, इंग्रजी माध्यमाच्या शाळांना देण्याची आपली सवय आहे. ही कारणे खोटी नाहीत. आमची नातवंडे इंग्रजीत लिहितात, शाळेत कन्नड शिकतात आणि घरी मराठी बोलतात. मराठी त्यांच्या कानाला आहे, डोळ्यांना नाही. परंतु आमच्या कपाटातील तीन अंकांना यांपैकी कोणतेही कारण लागू पडत नाही. आमचे शिक्षण मराठीत झाले, वेळ भरपूर आहे, चष्मा नवा आहे. तरीही आम्ही ते उघडले नाहीत. कारण आत काय असेल ते आम्हांला न उघडताच ठाऊक होते.

काय ठाऊक होते? आरंभी पदाधिकाऱ्यांची मनोगते. मग सत्कारांची छायाचित्रे. मग सीमाप्रश्नावरील एक लेख, ज्यात १९५६ ची पुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेला दावा यांची तीच उजळणी. मग एखाद्या संतावरील वा थोर पुरुषावरील लेख, बहुधा जयंतीच्या निमित्ताने. शेवटी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. यांतील एकही गोष्ट निषिद्ध नाही. सीमाप्रश्न हा आपल्या जिवाचा विषय आहे, आणि त्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, प्राण दिले, त्यांच्या स्मृतीपुढे आम्ही नम्र आहोत. पण गाऱ्हाणे, ते कितीही न्याय्य असले तरी, एकच एक वाचन होऊ शकत नाही. ज्या मराठी जगण्यासाठी हा लढा आहे, ते जगणेच अंकात नसेल तर वाचकाने त्यात काय शोधावे?

ते जगणे कोठे आहे, हे निपाणीच्या महादेव मोरे यांनी दाखवून दिले होते. पिठाची गिरणी चालवीत या माणसाने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका, गाड्यांवरचे चालक, हमाल, बाजारपेठेतील कष्टकरी यांचे जग निपाणीच्या बोलीसह त्यांच्या लेखनात आले. मराठी-कन्नडची सरमिसळ जशी जिभेवर असते तशीच त्यांनी कागदावर उतरविली. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या घरात त्यांचे एखादे पुस्तक होते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि उत्तर देणे कठीण गेले. आपण प्रमाण मराठीचे रक्षण करण्याच्या भरात आपल्याच अंगणातल्या मराठीला अंकाबाहेर उभे केले. शहापूर-वडगावच्या मागावरील विणकर, बासमती पिकविणारा शेतकरी, निपाणीच्या वखारीतली बाई, यांच्यापैकी कोणीही आपल्या त्रैमासिकाच्या पानांतून क्वचितच फिरकले असेल. चिपळूणकरांच्या मालेवर आम्ही वर जो आक्षेप घेतला, तो आमच्यावरही जसाच्या तसा लागू होतो.

दुसरा दोष नेमाचा. त्रैमासिक हा शब्द काळाचा करार आहे. जानेवारीचा अंक मार्चात आणि एप्रिल-जुलैचा जोडअंक म्हणून ऑगस्टात आला, की वाट पाहण्याची सवय मोडते. वाचकाची सवय घडायला वर्षे लागतात आणि मोडायला दोन अंक पुरतात. ‘मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. तिच्यात उत्तम मजकुराचा वाटा आहे तसाच एका ठरलेल्या दिवसाचाही आहे. फराळाबरोबर अंक हवा, ही सवय तारखेने लावली.

तिसरा दोष वारसाचा. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ सुरू केले आणि दोन वर्षांच्या आत ते गेले. तरी साप्ताहिक चालू राहिले, कारण ते हाती घेणारी माणसे एकामागून एक उभी राहिली आणि प्रत्येकाला आपल्या रीतीने ते चालविण्याची मोकळीक मिळाली. आपल्या मंडळात तरुणांना आपण खुर्च्या मांडायला बोलावतो, मजकूर निवडायला नाही. मग ते येत नाहीत अशी तक्रार करतो.

येथे एक आक्षेप येईल. अंक वाचला जावो न जावो, तो निघत राहणे हीच आपल्या भाषेची येथील खूण आहे. तो बंद पडला तर आपण येथे होतो याचा पुरावाही उरणार नाही. वयाने आणि त्यागाने आमच्याहून मोठ्या असलेल्या एका सभासदांनी हे आम्हांला सांगितले, आणि त्यांच्या आवाजातील कंप आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण पुरावा दप्तरात राहतो. आम्ही उभी हयात दप्तरांत काढली आहे, आणि बांधून ठेवलेल्या कागदांचे काय होते ते जवळून पाहिले आहे. भाषा पुराव्याने जगत नाही. कोणीतरी कोणाला तरी काही सांगत राहिल्याने जगते.

शेवटी त्या तीन अंकांविषयी. आम्ही ते वेष्टन फाडून एका बैठकीत वाचले. मनोगते होती, छायाचित्रे होती, उजळणी होती. पण दुसऱ्या अंकात, श्रद्धांजलीच्या आधीच्या पानावर, लहान टायपात, वडगावच्या एका भगिनीचा दीड पानांचा लेख होता. घरातला माग विकला गेला त्या दिवसाची हकिगत. माग उचलून नेल्यावर जमिनीत उरलेला खड्डा, आणि तो बुजवू न देणारे सासरे. इतके साधे आणि इतके खरे गद्य आम्ही पुष्कळ दिवसांत वाचले नव्हते. अंकाच्या अनुक्रमणिकेत त्या लेखाचे नावही नव्हते. आम्ही त्यांना मंडळाच्या पत्त्यावरून पत्र पाठविले. आठ दिवसांनी उत्तर आले. लेख छापून आल्याला पाऊण वर्ष झाले होते, आणि त्याविषयी आलेले ते पहिले पत्र होते. आता पुन्हा लिहीन असे वाटते आहे, असे त्यांनी शेवटी लिहिले होते.

म्हणजे लेखक आपल्याकडे होता. अंकही होता. नव्हता तो आम्ही, वाचक. संपादक मंडळापुढे आमच्या सूचना आहेतच: अंकाची तारीख ठरवावी आणि पान कमी पडले तरी ती चुकवू नये, सत्काराची छायाचित्रे वार्षिक अहवालात हलवावीत, प्रत्येक अंकात येथल्या कामकरी जगण्यावरचा एक लेख आणि कन्नडमधून केलेले एक भाषांतर असावे, वाचकांच्या पत्रांना दोन पाने द्यावीत, जमाखर्च छापावा, आणि चाळिशीच्या आतल्या दोघांना मजकूर निवडण्याचा पूर्ण अधिकार द्यावा, त्यांची निवड आम्हां वृद्धांना रुचो वा न रुचो. परंतु या सूचनांच्या आधी एक काम वर्गणीदारांचे आहे, आणि ते कोणत्याही ठरावावाचून करता येते. हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांनी त्यातला एक तरी लेख, हा नव्हे, दुसरा कोणताही, पुरता वाचावा आणि तो लिहिणाऱ्याला चार ओळींचे पत्र टाकावे. आवडला असेल तर तसे, नसेल तर तसे. आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे.